ब्रश कटरचा पेट्रोल पाइप आणि टाकी घरी कशी बदलायची

कवठे महांकाळ तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदार दादांनी विचारलंय: "५२ सीसीचा टू-स्ट्रोक ब्रश कटर आहे, चार वर्षं झाली. दिवाळीत बांधाचं गवत काढून शेडमध्ये ठेवला, तो आता पाऊस पडल्यावर बाहेर काढला. टाकीखाली ओला डाग, पेट्रोलचा वास. पाइपाला हात लावला तर तुकडाच हातात आला. उरलेला पाइप ताणून कसाबसा जोडला आणि सुरू केला. दोन-तीन मिनिटं चालतो, मग आवाज एकदम बारीक आणि चढा होतो आणि बंद पडतो. दुकानदार म्हणतो, कार्बोरेटर आणि टाकी दोन्ही बदला. हे घरी जमेल का? सलाइनची नळी नाहीतर ठिबकची मायक्रो ट्यूब चालेल का?"

दादा, घरी जमेल. कार्बोरेटरला आत्ताच हात लावू नका. सलाइनची नळी नको आणि ठिबकची तर मुळीच नको. आणि नवा पाइप बसेपर्यंत दोरी ओढून मशीन एकदाही सुरू करू नका, हे सगळ्यात आधी.

तासगावात माझं हेच काम आहे, बावीस वर्षं झाली. जून लागला की ब्रश कटर, चेन सॉ, पाठीवरचे पंप दारात रांगेनं उभे राहतात आणि त्यातली निम्मी मशिनं पाइप, फिल्टर नाहीतर टाकीच्या झाकणापायी आलेली असतात. मालक मात्र सांगतो, "मिस्त्री, कार्बोरेटर गेलाय."

तो चढा आवाज नीट समजून घ्या. जुन्या, कार्बोरेटरवाल्या मोटारसायकलची टाकी वर असते, पेट्रोल आपल्या वजनानं खाली येतं, त्यामुळं पाइपाला चीर पडली तर पेट्रोल गळतं, एवढंच. ब्रश कटरची टाकी कार्बोरेटरच्या खाली असते. तिथं पेट्रोल ओढून वर घ्यावं लागतं. पिस्टन वर-खाली होताना क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद भागात, जो दाब कमी-जास्त होतो, त्यावर कार्बोरेटरमधला एक पातळ पडदा हलतो आणि तोच पंपाचं काम करतो. म्हणजे मशीन चालू असताना पाइपात ओढ असते. ज्या चिरेतून बंद मशिनाचं पेट्रोल बाहेर झिरपतं, त्याच चिरेतून चालू मशिनात हवा आत जाते. हवा जास्त, पेट्रोल कमी. आणि टू-स्ट्रोकचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी झालं की ऑइलही तेवढंच कमी झालं. पिस्टन कोरडा, वर गरम मिश्रण. त्या वेळी मशीन मोकळं झाल्यासारखं, छान रेस घेतल्यासारखं वाटतं. गडी खूश होऊन आणखी रेस देतो. पिस्टनवर ओरखडे पडतात ते त्याच एक-दोन मिनिटांत.

म्हणून नवा पाइप आणायच्या आधी पिस्टन बघून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. मशीन गार असू द्या. स्पार्क प्लग काढा. सायलेन्सरचं कव्हर आणि बोल्ट काढून सायलेन्सर बाजूला घ्या. आत पिस्टनची कड दिसेल. दोरी हळूहळू ओढत पिस्टन वर-खाली करा आणि बॅटरीच्या उजेडात बघा. बारीक, सरळ, हाताला न लागणाऱ्या रेषा असतील तर काळजी नाही, त्या सगळ्या वापरलेल्या मशिनांत असतात. उभे खोल चरे, पसरल्यासारखं ॲल्युमिनियम, रिंग खाचेत चिकटलेली, असं दिसलं तर पिस्टन-सिलिंडरचं किट लागणार. मग पाइपाआधी तो हिशोब करावा लागेल. तुम्ही दोन-तीन मिनिटांपुरताच चालवलाय, तेव्हा वाचला असण्याची शक्यता चांगली आहे.

आता पाइप गेला का. चार वर्षांचा पाइप म्हणजे तसाही वय झालेला, पण हल्ली दोन वर्षांतच जातात. २०२३ च्या फेब्रुवारीत पंपांवर ई-२० यायला सुरुवात झाली आणि २०२५ पर्यंत वीस टक्के इथेनॉल देशभर सगळीकडं झालं. म्हणजे लिटरमध्ये दोनशे मिली इथेनॉल. आपल्या सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांतच ते तयार होतं, ऊस आपणच घालतो, तेव्हा त्याला नावं ठेवून काम होणार नाही. पण जुन्या धाटणीचं रबर आणि प्लास्टिक त्याच्यासाठी बनलेलं नाही. बहुतेक छोट्या इंजिनांच्या पुस्तिकेत दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं छापलेलं असायचं. पाइप ओला असेपर्यंत थोडा फुगलेला, मऊ असतो आणि काम भागतं. दिवाळीनंतर टाकीतलं पेट्रोल उडून जातं. पाइपाला लवचिक ठेवणारा अंश पेट्रोलनं आधीच खाल्लेला असतो. मग उरतो तो आकसलेला, कडक पाइप. वर एप्रिल-मे महिन्यात पत्र्याचं शेड तापतं. म्हणून हंगामात चालणारा पाइप शेडमधून काढल्यावर हातात तुटतो. तुमच्याकडं नेमकं तेच झालंय.

इथेनॉलची दुसरी खोड म्हणजे ते हवेतला दमटपणा ओढून घेतं. पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी महिनाभर ठेवली आणि पाणी पुरेसं शिरलं, की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळं पडतं आणि तळाशी बसतं. टाकीतला फिल्टर वजनाचा, तोही तळाशीच. म्हणजे मशीन पहिला घोट त्या थराचा घेतं आणि त्या थरात ऑइल जवळजवळ नसतंच, ते वर पेट्रोलमध्ये राहतं. तुमच्या टाकीत जे काही शिल्लक असेल ते पारदर्शक काचेच्या बाटलीत ओता आणि अर्धा तास हलवू नका. खाली वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल कुठल्याच मशिनात घालायचं नाही. विहिरीजवळ, गटारीत ओतायचंही नाही.

पाइप घेताना घाई करू नका. पिवळसर, अर्धपारदर्शक, हाताला किंचित चिकट आणि मऊ लागणारा इंधनासाठीचा पाइप मिळतो. टायगॉन हे त्यातलं जुनं नाव, बाजारात बाकीचे त्याच रंगात पाइप काढतात. काळा नायट्राइल रबराचाही चालतो, पण तो पेट्रोलसाठीचाच असायला हवा. पिवळा रंग बघून मात्र फसू नका. साधा पीव्हीसी पाइपही पिवळ्या रंगात येतो. मी नवीन बंडल आणलं की त्यातला बोटभर तुकडा कापून झाकणाच्या काचेच्या बाटलीत पंपावरच्या पेट्रोलमध्ये बुडवतो आणि आठ दिवस तसाच ठेवतो. आधी त्याची लांबी एका कागदावर रेघ मारून घेतो. आठ दिवसांनी काढायचा, दोन दिवस सावलीत वाळवायचा आणि त्याच रेघेवर ठेवायचा. चांगला पाइप रेघेला रेघ येतो आणि बोटाभोवती गुंडाळता येतो. पीव्हीसी असेल तर रेघेपेक्षा आखूड झालेला असतो आणि वाकवला की पांढरा पडतो. हंगामात तुम्हाला आठ दिवस थांबता येणार नाही, पण दुकानदाराला हे विचारा की कुठला पाइप आहे आणि पेट्रोलमध्ये किती दिवस टिकलाय. जो विकतो त्याला हे ठाऊक असतं.

सलाइनच्या नळीचं मी स्वतः भोगलंय. धंद्याच्या पहिल्या वर्षी मिरजेकडच्या एका नर्सरीवाल्या काकांच्या मशिनाला दवाखान्यातून आणलेली नळी बसवून दिली. स्वच्छ, पारदर्शक, पेट्रोल वाहताना दिसतंय, मला फार बरं वाटलं होतं. तीन आठवड्यांत मशीन परत आलं. नळी गव्हाच्या काडीसारखी कडक झाली होती, निप्पलवर, म्हणजे पाइप बसतो त्या छोट्या नळीच्या टोकावर, सैल बसली होती आणि पिस्टनवर चरे होते. पिस्टन किट मी माझ्या पदरचं बसवून दिलं, पण त्या काकांचा ऐन हंगामातला आठवडा गेला तो गेला. तेव्हापासून त्या नळीला हात लावला नाही. पेट्रोल पीव्हीसीमधला मऊपणा काढून घेतं, तीन आठवड्यांत नाही तर तीन महिन्यांत. ठिबकच्या मायक्रो ट्यूबचा दोष वेगळा. ती मुळातच ताठ असते. टाकीतला वजनी फिल्टर मशीन जिकडं कलेल तिकडं लोळत गेला पाहिजे. ताठ नळीला लावलेला फिल्टर हवेत लटकत राहतो, उतारावर मशीन कललं की पेट्रोल एकीकडं आणि फिल्टर दुसरीकडं. बांधावर चालणारं मशीन सपाट जमिनीवर चालतं आणि उतारावर बंद पडतं, असं सांगणारे निम्मे लोक हीच नळी लावून आलेले असतात.

माप. पाइपाला दोन मापं असतात, आतलं आणि बाहेरचं, आणि दोन्ही जुळावी लागतात. आतलं कार्बोरेटरच्या निप्पलसाठी, बाहेरचं टाकीच्या भोकासाठी. नेहमी लागणारी मापं म्हणजे आत २ आणि बाहेर ३.५ मिलिमीटर, आत अडीच आणि बाहेर ५, आत ३ आणि बाहेर ५ किंवा ६. जुन्या पाइपाचा तुकडा फुगलेला किंवा आकसलेला असतो, त्यावर विश्वास ठेवू नका. टाकीच्या भोकात ड्रिलचं बिट घालून भोक मोजा. जे बिट अलगद बसतं त्यापेक्षा पाइप बाहेरून अर्धा मिलिमीटर जाड हवा, कारण बऱ्याच टाक्यांत पाइपच भोकाला बूच म्हणून काम करतो. काही मशिनांत दोन्ही पाइप (पेट्रोल नेणारा आणि टाकीत परत आणणारा) एका मापाचे असतात, काहींत एक जाड आणि एक बारीक, तेव्हा दोन्ही भोकं मोजा. तुमच्या टाकीत मोठं भोक आणि त्यात रबराचं ग्रोमेट (पाइप ज्यातून जातो ते रबरी बूच) असेल तर ग्रोमेट आणि पाइप एकत्र सेटमध्ये मिळतात. ग्रोमेट जुनंच ठेवून नुसता पाइप बदलू नका. पाइपाएवढंच वय त्याचंही झालेलं असतं.

काम उघड्यावर करा. शेडमध्ये नको, देवघरातल्या दिव्याच्या खोलीजवळ नको, ग्राइंडर चालू असेल तिथं नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते आणि दहा-पंधरा फुटांवरच्या ठिणगीनंही पेटू शकते. बिडी-सिगरेट ओढणारा कोणी शेजारी बसला असेल तर त्याला आधी उठवा.

टाकी रिकामी करून घ्या. एअर फिल्टर काढा म्हणजे कार्बोरेटर दिसेल. जुने पाइप निप्पलवरून ओढून काढू नका. निप्पल पितळेचं किंवा प्लास्टिकचं असतं आणि दाबून बसवलेलं असतं, ओढलं तर तेच हातात येतं. ब्लेडनं पाइपाला लांबीत चीर द्या आणि सोलून घ्या. टाकीच्या आतला तुकडा काढायला सायकलच्या स्पोकचं टोक आकड्यासारखं वाकवा, झाकणाच्या तोंडातून घाला आणि फिल्टर ओढून बाहेर घ्या. पाइपाचे तुकडे आत पडलेले असणारच. थोडं पेट्रोल घालून टाकी खळखळून दोन-तीनदा धुवा आणि शेवटचं पेट्रोल पांढऱ्या फडक्यातून गाळा. फडक्यावर काळा चुरा दिसला तर आणखी एकदा.

आता खरी कसरत. मऊ पाइप घट्ट भोकातून आत घालायचा. नवीन माणूस इथं कंटाळतो आणि भोक मोठं करतो. कृपा करून करू नका. भोक एकदा मोठं झालं की टाकी बदलल्याशिवाय ती गळती थांबत नाही. तुम्ही द्राक्षाचं डॉगरिज खुंटावर कलम भरता ना, काडीला जसा लांब तिरका काप देता, तसाच काप पाइपाच्या टोकाला द्या. चांगला दोन इंच लांब, टोकाला जिभेसारखा पातळ. आधी पाइप हवा त्यापेक्षा वीतभर लांब ठेवा. त्या टोकाला टू-स्ट्रोक ऑइलचा थेंब लावा. ग्रीस नको, साबण नको. बाहेरून टोक भोकात सरकवा, ती पातळ जीभ सहज आत जाते. मग झाकणाच्या तोंडातून नोज प्लायर घालून ती जीभ पकडा आणि आतून ओढा. बाहेरून ढकलायचा नाही, आतून ओढायचा. ढकललेला पाइप घडी पडून जाड होतो. ओढलेला पाइप ताणून बारीक होतो, म्हणून भोकातून निघतो आणि सोडला की परत फुगून भोक बंद करतो. एकदा ही युक्ती हातात बसली की दोन मिनिटांचं काम. टोक झाकणाच्या तोंडातून बाहेर आलं की तिरका काप सरळ कापून टाका आणि नवा फिल्टर बसवा. जुना फिल्टर धुऊन वापरायचा नाही. पाइपाचं टोक फिल्टरच्या निप्पलवर शेवटपर्यंत जायला हवं.

लांबी ठरवताना फिल्टर टाकीत सोडा आणि बाहेरून पाइप हळूहळू ओढत आत-बाहेर करा. फिल्टर तळाला लोळला पाहिजे, चारही कोपऱ्यांत पोचला पाहिजे, पण पाइपाला आत घडी पडता कामा नये. टाकी हातात धरून उलटीपालटी करा आणि ऐका, फिल्टर टक्-टक् आवाज करत भिंतीवर आपटतो. आवाज आला की लांबी बरोबर. आवाज नाही आला तर पाइप जास्त लांब आणि अडकतोय, नाहीतर आखूड आणि लटकतोय.

परतीचा पाइप सोपा. प्रायमरचा फुगा दाबला की कार्बोरेटरमधलं जादा पेट्रोल आणि हवा टाकीत परत येते, ती याच्यातून. त्याला आत फिल्टर नसतो आणि तो टाकीत थोडाच आत येतो.

कुठला पाइप कुठं लावायचा हे तुमचे पाइप चुरा झाल्यामुळं बघता येणार नाही, तर बोटानं ओळखा. तुमच्या मशिनात फुगा बहुतेक कार्बोरेटरलाच जोडलेला असेल. फुगा दाबून सोडा आणि दोन्ही निप्पलवर आळीपाळीनं ओलं बोट ठेवा. फुगा सोडताना जे निप्पल बोट ओढून घेतं, तिथं फिल्टरचा पाइप. फुगा दाबताना जिथून हवा बाहेर येते, तिथं परतीचा. उलटसुलट लागले तर फुगा कितीही दाबला तरी भरत नाही. फुगा वेगळा, हँडलच्या बाजूला बसवलेला असेल तर फिल्टरचा पाइप सरळ कार्बोरेटरला जातो, कार्बोरेटरच्या दुसऱ्या निप्पलपासून एक पाइप फुग्याकडं आणि फुग्याकडून टाकीत. तिथंही ओढणारं आणि सोडणारं टोक बोटानंच ओळखायचं. फुगा स्वतः कडक झाला असेल, त्याच्या कडेला केसासारखी चीर असेल, तर तोही याच वेळी बदला.

निप्पलवर पाइप बोटानं फिरवत पूर्ण आत सरकवा. योग्य मापाच्या पाइपाला तार गुंडाळायची गरज नसते. तारेनं पाइप कापला जातो. पाइप सायलेन्सरला किंवा सिलिंडरच्या पात्यांना कुठंही टेकत नाही हे बघा, आणि रेसच्या केबलच्या आड येत नाही हेही.

टाकीचं. दुकानदार टाकी बदला म्हणाला ते खरं असेल किंवा नसेल, ते तुम्हीच ठरवा. पाइपाच्या भोकातून झिरपलेलं पेट्रोल टाकीच्या तळाला जाऊन थेंब होऊन लोंबतं, म्हणून टाकीच फुटली असं वाटतं. नवा पाइप बसवल्यावर टाकी बाहेरून कोरडी पुसा, सगळीकडं टाल्कम पावडर चोळा, पेट्रोल भरा, झाकण लावा आणि अर्धा तास उभी, अर्धा तास आडवी ठेवा. जिथून गळती असेल तिथं पावडर ओली होऊन रेघ दिसते, आणि रेघेचं वरचं टोक म्हणजे चीर. भोकाशी सुरू झाली तर पाइपाचं माप चुकलं. टाकीच्या दोन अर्ध्यांच्या जोडावर, बोल्टच्या कानाशी किंवा दगडावर घासलेल्या तळाशी सुरू झाली तर टाकी गेली.

त्या चिरेवर एम-सील लावून बरेच लोक येतात. टाकी बहुतेक पॉलिथिनची असते, त्या प्लास्टिकला कुठलीही लांबी (पुट्टी) धड चिकटत नाही आणि पेट्रोल तिच्या कडेनं वाट काढतंच. आठ दिवस चालतं, मग एक दिवस मशीन गरम असताना सुटतं. आणि तापवलेला स्क्रू ड्रायव्हर किंवा सोल्डरिंग लावून चीर चिकटवायचा प्रयत्न तर कधीच, कधीच करू नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण आत हवा आणि वाफ दोन्ही असतात. धुतली, उन्हात वाळवली, तरी प्लास्टिकच्या अंगात शोषलेलं पेट्रोल तापवल्यावर बाहेर येतं. पलूस भागातला एक ओळखीचा मुलगा असंच करताना हात आणि चेहरा भाजून घेऊन बसला होता. माझ्या पोराएवढा आहे तो. टाकी मिळते, हात मिळत नाहीत, म्हणून एवढ्या कळकळीनं लिहितोय.

नवी टाकी घेताना जुनी बरोबर न्या. ५२ सीसीची टाकी म्हणून मागितली तर चार प्रकारच्या निघतात. बोल्टच्या भोकांचं अंतर, पाइपाच्या भोकांची संख्या आणि बाजू, झाकणाचे आटे, तळाची उंची, एवढं जुन्यावर नवी ठेवून जुळवा. टाकी दोन ते चार ॲलन बोल्टवर असते, खाली लोखंडी किंवा प्लास्टिकचा पाय असतो, तो आधी काढावा लागतो. बोल्टखालचे रबरी वॉशर आणि टाकी व इंजिनामधला रबराचा तुकडा फेकू नका. ते नसले की इंजिनाची थरथर सरळ टाकीच्या कानावर येते आणि वर्षाच्या आत नवी टाकीही त्याच जागी तडकते. तुमची टाकी तडकली असेल तर हे रबर जाग्यावर आहे का ते बघाच. बोल्ट हातानं चार आटे फिरवून मगच चावी लावा, आणि घट्ट लागले की थांबा. नव्या टाकीत साच्यातला प्लास्टिकचा भुसा असतो, तीही पेट्रोलनं धुऊन घ्या. पाइप टाकी बसवायच्या आधी घालायचे, नंतर हात पोचत नाही.

झाकण विसरू नका. पेट्रोल जितकं जातं तितकी हवा टाकीत यावी लागते. त्यासाठी झाकणात किंवा टाकीवर एक छोटी वाल (व्हॉल्व्ह) असते, बऱ्याचदा चोचीसारख्या रबराची, हवा आत येऊ देणारी आणि पेट्रोल बाहेर न सोडणारी. तिच्यात माती बसली की टाकीत पोकळी तयार होते आणि मशीन दोन-तीन मिनिटांनी बंद पडतं. तुमच्या तक्रारीत हेही थोडं असू शकतं. नवा पाइप टाकल्यावरही तसंच झालं तर लगेच झाकण सैल करा. फुस्स करून हवा आत गेली आणि मशीन परत सुरू झालं, तर वाल धुवा किंवा झाकण बदला. झाकणाला भोक पाडणं हा उपाय नाही. मशीन कललं की त्याच भोकातून पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरवर जाईल.

सगळं जोडलं की ताजं पेट्रोल मिक्स करा. पुस्तिकेत २५ ला १ असेल तर लिटरला ४० मिली ऑइल, ५० ला १ असेल तर २० मिली. अंदाजे झाकणानं नको, औषधाच्या मापानं मोजा. फुगा आठ-दहा वेळा दाबा. परतीच्या पाइपात आधी बुडबुडे दिसतील, मग नुसतं पेट्रोल. बुडबुडे थांबतच नसतील तर कुठंतरी हवा शिरतेय, बहुतेक फिल्टरच्या किंवा निप्पलच्या जोडावर. इथंच थांबून शोधा, दोरी ओढू नका. शंका असेल तर पाइप काढून त्याच्या एका टोकाला बोट लावा, दुसऱ्या टोकाला वीस मिलीची इंजेक्शनची सिरिंज लावून दट्ट्या मागं ओढा आणि सोडा. दट्ट्या जागेवर परत आला तर पाइप शाबूत. मागंच राहिला तर हवा घुसली.

सुरू झाल्यावर पाच मिनिटं हळू चालू द्या, मग रेस देऊन सोडा. आवाज लगेच खाली यायला हवा. तो रेंगाळत खाली येत असेल, किंवा मशीन एका बाजूला कलवलं की आपोआप चढत असेल, तर अजून हवा ओढतोय. बंद करा. पाइप, फिल्टर, झाकण सगळं नीट असूनही असं झालं तरच कार्बोरेटर उघडायचा, आणि तेव्हाही आधी आतल्या पडद्यांचं किट बदलायचं. ज्या पेट्रोलनं पाइप कडक केला त्यानं पडदाही कडक केलेला असतो. पूर्ण कार्बोरेटर बदलायची वेळ दहात एखाद्याच मशिनावर येते. कार्बोरेटरवरचे एच आणि एलचे (जास्त आणि कमी रेसला पेट्रोल किती जायचं ते ठरवणारे) स्क्रू फिरवून मात्र आवाज जमवायला जाऊ नका, हवेची गळती स्क्रूनं झाकली तर ती पिस्टनवरच निघते.

तुमच्या शेजाऱ्याचा चेन सॉ असाच गळत असेल तर त्याला हा सरळ पाइप कापून लावू नका. चेन सॉचा पाइप बहुतेक वेळा वाकवलेल्या कोपरासारखा साच्यात घडवलेला येतो, कारण टाकी आणि इंजिन रबराच्या जोडावर वेगवेगळे हलतात. सरळ पाइप तिथं मुडपतो आणि बंद होतो. त्याच्यात बऱ्याचदा क्रँककेसमधून कार्बोरेटरकडं जाणारा आणखी एक छोटा पाइप असतो. तो फुटला की पेट्रोल पाइप नवा असूनही पडदा हलत नाही. दोन्ही एकदम बदला.

फळछाटणी झाली, बांधाचं काम संपलं की टाकी पूर्ण रिकामी करा. फुगा कोरडा होईपर्यंत दाबा, मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत हळू चालवा. मग झाकण सैल ठेवून मशीन पत्र्याखाली न टांगता घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा. पाइप घेताना मीटरभर घ्याल तर फूट-दीड फूट उरेल. तो काळ्या पिशवीत गुंडाळून मशिनाच्या टूल किटमध्ये टाका, त्यावर महिना-वर्ष लिहून. पुढच्या जूनमध्ये मशीन बाहेर काढाल तेव्हा आधी टाकीतला पाइप चिमटीत धरून वाकवा. पांढरी रेघ उठली तर दोरी ओढायच्या आधी तो तुकडा कामाला येईल.